ओरखड्याचं गणित

चकचकीत वस्तूवर सरांचा विश्वास नव्हता. दिवाळीला डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागातल्या आमच्या घरी आले, तेव्हा फराळाचा नवाकोरा स्टीलचा डबा उचलून आधी त्याचं बूड पाहिलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "किती दिवस झाले याला?" तिला हसावं की घाबरावं कळेना.

सर मूळचे नागपूरचे. डब्लिनमध्ये युरेनियमच्या केसाहून पातळ थरांचा अभ्यास करायचे. मी त्यांच्या हाताखाली. त्या थरातले इलेक्ट्रॉन कसे वागतात, पाण्याचा एक रेणू शिवला की पुढे काय होतं, हे आम्ही कॉम्प्युटरवर मांडायचो. "या धातूला एकटं राहता येत नाही," सर म्हणत. "कुठेही कोंडून ठेव, ओल शोधून काढतोच." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा आणि मला उगाच मागे वळून पाहावंसं वाटायचं.

हे थर ज्यांपासून बनवत, त्या युरेनियमच्या चकत्यांचे दोन सीलबंद डबे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पडून होते. त्यातला एक साध्या हवेत उघडला तर चालेल का, हे गणित माझ्याकडे आलं. मी स्वच्छ, सपाट पृष्ठभाग धरला. धोका नाही, असं उत्तर आलं.

"खरी चकती अशी असते काय बे? एक ओरखडा टाक, गणित पुन्हा चालव," सर म्हणाले.

त्याला तीन आठवडे लागणार होते. मी कंटाळलो होतो. "चालवलं सर, तसंच आलं," असं मी चक्क खोटं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून डबा उघडायच्या परवानगीवर सही केली.

डबा उघडायच्या दिवशी तंत्रज्ञ डेक्लन हातमोजे चढवत म्हणाला, "इट्ल बी ग्रँड!" म्हणजे, काही होत नाही. सर माझ्या कानाशी पुटपुटले, "इथे कोणी ग्रँड म्हटलं की मी आधी दार कुठे आहे ते बघतो." मग त्याला बाजूला सारून पुढे झाले. "सही माझी, तर हातही माझाच." त्यांनी झाकण काढलं. डब्यात शिरलेल्या ओलीतला हायड्रोजन ओरखड्यांतून आत मुरून धातूची काळी भुकटी झाली होती. हवा लागताच ती पेटली. आवाजसुद्धा झाला नाही.

हॉस्पिटलात मी सगळं कबूल केलं. त्यांनी हाताच्या पट्टीकडे पाहिलं. "आता तरी चालव," एवढंच म्हणाले. मी चालवलं. उत्तर त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होतं तेच आलं.

सर नागपूरला परतले. उजव्या हाताची मूठ वळत नाही. दुसरा डबा विल्हेवाटीसाठी कोणी न्यायचा, याची पत्रं इथे अजून फिरताहेत. दर रविवारी सरांचा फोन येतो.

"डबा बंद आहे ना?"

"बंद आहे, सर."

"किती दिवस झाले?"

मी सांगतो. मग ते फोन ठेवतात. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या त्या डब्यावर बाहेरून अजून एक डागही नाही.