तीन जुने स्क्रू, एक नवा

खुर्ची आवडली तर भिंगकाका आधी ती उलटी करत. खण ओढून हुंगत. विक्रेता हसला की दोन पावलं मागे सरत. हव्या असलेल्या वस्तूकडे पाठ करून शेजारच्या फुटक्या बरणीचा भाव विचारत. घरी चहासुद्धा आधी उजेडात धरत.

"दादा, विष नाही घातलं," धाकटी बहीण म्हणे. "अजून तरी."

चाळीस वर्षं त्यांनी लाकडाला पॉलिश केलं होतं. मालकाच्या सांगण्यावरून नवी कपाटं जुनी करून दिली होती. चहाच्या पाण्याचे डाग, साखळीचे ओरखडे, दाभणाने पाडलेली वाळवीची भोकं. त्यामुळे जुन्या बाजारातली प्रत्येक वस्तू त्यांना आपल्याच हातची वाटे.

तरी दर रविवारी ते तिथे जात. बायको गेली त्या महिन्यात घर आवरताना बहिणीने तिची शिवणाची पेटी नजरचुकीने भंगारवाल्याला दिली होती. त्याला सहा वर्षं झाली. काका त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. फक्त शोधत राहिले. बहीण मुकाट्याने सोबत जाई.

एका रविवारी पेटी दिसली. झाकणावर इस्त्रीचा डाग. बहिणीला रडूच फुटलं. काकांनी भिंग काढलं.

"काका, पेटी आहे ती, सून नाही. किती पारखाल?" विक्रेता म्हणाला.

"बिजागरीचे तीन स्क्रू जुने. चौथा नवा. कुणीतरी जुळवाजुळव केलीय."

"अरे, डाग तर बघ! मीच पाडलेला," बहीण म्हणाली.

"डाग पाडता येतो. मी शेकड्याने पाडलेत. चल."

आठवडाभर ती त्यांच्याशी धड बोलली नाही. शनिवारी खिडकीची कडी बसवायला काकांनी स्क्रूंचा डबा पालथा केला. तळाशी एक वाकडा स्क्रू होता. त्याच्या डोक्यावरची खाच मधोमध नव्हती. हाताने केलेल्या जुन्या स्क्रूंची नसतेच. अडकलेलं झाकण उघडताना बायकोने बिजागरीत कात्री घालून तो वाकवला होता. "सवडीने सरळ करून लावतो," म्हणत त्यांनीच पेटीला नवा बसवला होता.

काकांनी कडी तशीच टाकली.

रविवारी बाजार मांडायच्या आधीच ते हजर. पेटी होती. त्यांनी ती उलटी केली नाही. हुंगली नाही. घासाघीस न करता छातीशी धरून आणली.

घरी शंका परत आली.

"नवा स्क्रू कुणाच्याही पेटीला असेल. हा जुना नीट बसला, तर आपली."

"आणि नाही बसला तर?"

"तर परत."

"देशील परत?"

काकांनी पेटी टेबलावर ठेवली. नवा स्क्रू काढून जुना पकडीने सरळ करू लागले. सावकाश. जोर लावला तर तुटला असता.

"दम लागलाय गं. उरलेलं सकाळी."

सकाळी ते उठले नाहीत.

पेटी टेबलावर आहे. चौथं भोक रिकामं. शेजारी पक्कड, आणि अर्धा सरळ झालेला स्क्रू.