मास्तरांचं ‘जमतं’

साडूला पेन्शन मंजूर झालं आणि मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

साडू ट्रक चालवायचा. अपघातात गुडघा गेला, हातात काठी आली आणि सरकारनं अपंगांचं पेन्शन चालू केलं. मास्तर शिंपी. अर्धांगाचा झटका येऊन उजव्या हाताची बोटं लुळी पडली, दुकानाला कुलूप लागलं. अर्ज दोघांनी बरोबरच केले होते. साडू पास, मास्तर नापास!

“त्याला काय धाड भरलीय?” मास्तर बायकोवर खेकसायचे. “काठी दारात ठेवतो आणि जेवायला पहिला बसतो. नाटकी मेला!”

“माझ्या बहिणीचा नवरा आहे तो.”

“म्हणून काय आरती ओवाळू?”

खरं सांगू का, मास्तरांचा अर्ज मास्तरांनीच बुडवला होता. जन्मभर गिऱ्हाइकानं विचारायचं, “मास्तर, परवापर्यंत जमेल?” आणि यांनी मान वर न करता म्हणायचं, “जमतं.” मग जमो, न जमो! तपासणीच्या डॉक्टरनं विचारलं, जेवायला जमतं का? कपडे घालायला? हे सवयीनं बोलून गेले, “जमतं.” नकाराचं कारण तेच आलं: अर्जदाराच्या म्हणण्यानुसार त्यांना सर्व कामे जमतात.

घर बायकोच्या एकटीच्या कमाईवर चाललं होतं. ती शाळेत झाडलोट करायची. पेन्शन मिळालं नाही तर पुढं अंधारच होता. पण मास्तरांनी अपील ठोकलं ते पोटासाठी थोडं आणि साडूच्या नाकावर टिच्चून दाखवायला जास्त. समोरच्या टेलरनं त्यांची गिऱ्हाइकं पळवली, त्याचंही त्यांना एवढं लागलं नव्हतं. “तो काय, गोणपाट शिवतो,” म्हणून त्याला त्यांनी कधीच निकालात काढलं होतं.

अपिलाच्या दिवशी मास्तर बायकोला घेऊन तयारीनं गेले. कण्हायचं कसं, हात लोंबता ठेवायचा कसा, सगळं साडूचं बघून पाठ केलेलं. टेबलामागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सदऱ्याची दोन बटणं काढा आणि परत लावा.”

‘ज’ ओठावर आला होता, तो मास्तरांनी गिळला. आता थोडं नाटक करायचं, बटण निसटू द्यायचं! डाव्या हातानं त्यांनी कशीबशी दोन बटणं सोडली. लावायला उजवा हात लागणार होता. त्यांनी बोटं नेली. बटण निसटलं. पुन्हा नेली, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा जीव खाऊन धरलं, तरी काजापर्यंत पोचेना. नाटक करायची गरजच पडली नाही. झटका आल्यापासून रोज सकाळी बायकोच बटणं लावायची. हे तेवढ्यात पेपरातल्या बातम्या सांगायचे, त्यामुळं स्वतः करून बघायची वेळच आली नव्हती.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. बायकोनं पुढं होऊन बटणं लावली.

निकाल लागला. साठ टक्के अपंगत्व, पेन्शन मंजूर. साडूचे होते पन्नास! मास्तर तडक साडूच्या घरी गेले.

“साडूबुवा, साठ! तुमच्यापेक्षा दहा जास्त!”

साडू आधी हसला. मग काठी टेकत उठला आणि त्यानं मास्तरांचा उजवा हात हातात घेऊन हळूच दाबला. “घ्या, पहिला नंबर तुमचा,” म्हणाला. मास्तरांना तो दाब जाणवलाच नाही. तरी घरी येईपर्यंत त्यांची छाती फुगलेलीच होती.

“दहा टक्के जास्त! बघितलंस त्याचं तोंड?”

बायको त्यांच्या सदऱ्याची बटणं काढत होती. शेवटचं बटण काढून झाल्यावर म्हणाली, “अहो, आता नाडीचे सदरे शिवून घेऊ या. ते एका हातानंही घालता येतील तुम्हाला.”

“कुणाकडून?”

तिनं सदऱ्याची घडी घातली.

“समोरच्या टेलरला विचारून आलेय. तो म्हणाला, जमतं.”