चार उंदरांचं पोटॅशियम

कॉलेजच्या प्राणिगृहात एकटी शिरले की मागे कुणीतरी उभं आहे असं मला आजही वाटतं. मी वळून पाहत नाही. कोण ते मला ठाऊक आहे.

पांढरे उंदीर ओळखू यावेत म्हणून आम्ही त्यांना पिवळा रंग लावतो, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या शेपटीवर. एम.फार्म. करत होते तेव्हा माझी बोटं कायम पिवळी असायची आणि बाबा चिडवायचे, हळद लागली आणि आम्हाला पत्ता नाही.

बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. दर तासाला काट्यांकडे बघून आकडे लॉगबुकात उतरवायचे, हेच त्यांनी जन्मभर केलं. आकडा विचित्र आला की काहीजण तो जरा सरळ करून लिहीत. त्या लोकांवर बाबांचा भयंकर राग. निवृत्त होऊन नंदनवनच्या घरी बसले तरी रोज सकाळी स्वतःची साखर कॅलेंडरवर लिहायचे, वाढलेली असली तरी.

माझा विषय होता घेटुळीचा काढा. पायांची सूज उतरावी म्हणून लोक तो सर्रास पितात. त्यानं रक्तावर आणि रक्तातल्या क्षारांवर काय परिणाम होतो ते मला उंदरांवर पाहायचं होतं. घेटुळी बाबांनीच दिली. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून मुळासकट उपटून, धुऊन, गच्चीवर वाळवून. साखरेमुळे त्यांचेही पाय सुजायचे. त्यातली थोडी त्यांनी स्वतःसाठी ठेवली असेल, हे मला सुचायला हवं होतं.

अठ्ठावीस दिवस काढा पाजून आम्ही उंदरांचं रक्त घेतलं. जास्त मात्रेच्या गटात चौघांचं पोटॅशियम भलतंच वर आलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, रक्त ओढताना पेशी फुटल्या असतील, ते चार वगळ. तसं होतं खरं. घाईत रक्त ओढलं की पेशी फुटून आतलं पोटॅशियम बाहेर येतं. पण मग नळीत वर साठणारं पाणी लालसर दिसतं. माझ्या चारही नळ्यांत ते स्वच्छ, फिकट पिवळं होतं. मी खिडकीशी धरून पाहिलं होतं. पण सबमिशन डोक्यावर होतं. मी वहीत चौघांच्या आकड्यांपुढे 'नमुना खराब' लिहिलं आणि नळ्या फेकून दिल्या.

त्याच दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, "उंदरायले काही झालं तं नाही ना?"

"काहीच नाही," मी पोळी मोडता मोडता म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्यांचे हातपाय एकाएकी लुळे पडले. धंतोलीतल्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर पोटॅशियम वर. साखरेनं किडन्या आधीच दमल्या होत्या, त्यांना ते बाहेर टाकता येत नव्हतं. झाडपाल्याचं काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी अभिमानानं सांगितलं की दोन वेळा घेटुळी घेतो, आणि ती पोरीनं तपासलेली आहे.

डॉक्टर डायलिसिसची तयारी करायला गेले. मी बाबांना सगळं सांगितलं. चार उंदीर, स्वच्छ नळ्या, मी काय लिहिलं ते. वाटलं, ओरडतील. ते माझ्या बोटांकडे पाहत राहिले.

"मंग लिहिलं काहून नाही वं?"

मशीनला लावायच्या आधीच त्यांचं हृदय थांबलं.

आता मी शिकवते. एखादी मुलगी नमुना खराब म्हणाली की नळी तिच्या हातातून घेऊन खिडकीशी नेते. पोरं मला चक्रम म्हणतात, म्हणोत. माझा प्रबंध ग्रंथालयात आहे. त्यात घेटुळी आणून दिल्याबद्दल बाबांचे आभार आहेत, आणि तक्त्यात चार ठिकाणी नुसत्या रेघा होत्या. एकदा मी जुनी वही नेऊन तिथे पेनानं आकडे भरले.

तरी ते मागे उभे असतातच. सबमिशन होतं बाबा, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मोठ्यानं म्हणायची मला लाज वाटते.