पाच टाळ्यांचा शब्द

दिघोरीच्या आमच्या शाळेत इंग्रजीच्या सरांना आडनावाने कुणीच ओळखत नसे. ते तोडसर. लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की त्यांचे डोळे लकाकत. "भेता कायले? मोठा हाय तर तोडा त्याले!" म्हणत ते शब्दाच्या तुकड्यागणिक एक टाळी वाजवत. ग्रँड-फा-दर, तीन टाळ्या. तुकड्यांनंतर उच्चार, उच्चारानंतर अर्थ.

धानाच्या रोवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत, वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. एकदा सर थेट आमच्या बांधावर आले आणि चिखलात वाकलेल्या आम्हा पोरींकडून त्यांनी 'ट्रान्स-प्लान-टे-शन' म्हणवून घेतलं. आई वैतागली. "सर, रोवणी तं होऊ द्या!"

"तेच तं सांगून राहिलो बाई, रोवणीच हाय ते!"

पुढे मी नर्स झाले, नागपूरच्या एका दवाखान्यात लागले. गेल्या वर्षी ओपीडीच्या बाकावर सर आणि काकू दिसले. सरांची बिडी सुटली नव्हती हे ठाऊक होतं, पण त्यांचा तो खणखणीत आवाज इतका घोगरा झालेला ऐकून मी हबकलेच. डॉक्टरांनी घाईत चार वाक्यं बोलून संमतीचा कागद हातात दिला होता. सरांनी तो डोळ्यांजवळ धरला. सवयीने टाळ्या वाजल्या, पाच. "लॅ-रिन्-जेक्-ट-मी. बरोबर ना?"

"हो सर."

"मंग अर्थ सांग. तो मले येत नाही."

इतक्या पेशंटना समजावलं होतं, पण इथे मी तो कागदच पुन्हा वाचत राहिले.

"काहून थांबली? सांग."

"पहिल्या भागाचा अर्थ स्वरयंत्र, सर."

"आन दुसऱ्याचा?"

"काढून टाकणं."

काकूंना काही उमगलं नाही. सर कागदाकडे बघत राहिले. "सगळंच?"

"हो सर. नाहीतर..."

"'नाहीतर'चा अर्थ मले समजते," ते म्हणाले, आणि सहीसाठी पेन मागितलं.

ऑपरेशन झालं, सर वाचले. पण त्यांच्या घरी जायचं धाडस मला कित्येक महिने होईना. त्या घरातली शांतता मला सोसवली नसती. शेवटी दिवाळीनंतर गेले आणि ओसरीतच थबकले. सरांच्या गळ्याला पांढरा रुमाल होता आणि समोर पाचसहा पोरं पुस्तकं उघडून बसली होती. सर नुसते ओठ हलवत होते, खालच्या ओठावर दात टेकवून, सावकाश. आठेक वर्षांची एक पोरगी त्यांच्या तोंडावर डोळे रोखून होती. सरांच्या ओठांबरोबर तिचे ओठ हलले आणि तिच्या गळ्यातून स्वच्छ शब्द निघाला, "व्हि-लेज."

माझ्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. सरांनी मान वर केली, मला ओळखलं आणि ओठ हलवले. मला काहीच कळेना.

सरांच्या ओठांवरची नजर न काढता ती पोरगी म्हणाली, "ताई, जेवून जाजो म्हणून राहिले सर."