पानाकाकांनी बिघडवलेली गाडी

पानाकाका गाडीच्या आधी मालकाकडे बघायचे, आणि मालक त्यांना सहसा आवडत नसे. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्यांचं एका शटरचं गॅरेज होतं. हातातला पाना ते बोटासारखा माणसावर रोखायचे, म्हणून सुट्टीत आलात की तुम्ही नातवंडं त्यांना पानाकाका म्हणायचात. होते आपल्यासारखेच मराठी, पण सिंधी शेजारात वाढलेले. गिऱ्हाइकाला 'साईं' म्हणायचे आणि त्याच दमात त्याचा अपमान करायचे. एकदा एक जाडजूड व्यापारी सांगत आला, "गाडी चढावर ओढत नाही." काकांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. पाना त्याच्या पोटाकडे नेत म्हणाले, "साईं, तुम्ही तरी ओढता का?" सगळं गॅरेज हसलं. मीही हसले. पाना अजून आमच्याकडे वळला नव्हता.

कामात मात्र ते फार शिस्तीचे होते. इतर मेकॅनिक प्लग, फिल्टर, कॉइल सगळं एकदम बदलून मोकळे होतात. काका एका वेळी एकच वस्तू बदलायचे, मग गाडी पुलावर चढवून आणायचे, मग दुसरी. "दोघांना एकदम पकडलं तर चोर कोण, कसं कळणार?" असं म्हणायचे. "मला जमत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं.

आपली जुनी पांढरी गाडी त्यांच्याकडे गेली ती काळा धूर सोडत. पिकअप गेला होता, पेट्रोलचा वास यायचा, वेग घेताना ती आचके द्यायची. काकांनी प्लग काढले, तर काजळीने काळेकुट्ट. ते साफ केले. गाडी आठवडाभर छान चालली आणि पुन्हा तेच. मग एअर फिल्टर. पुन्हा तेच. मग कार्बुरेटर खोलला. पुन्हा तेच. चौथ्या वेळी ते तुमच्या आजोबांना म्हणाले, "साहेब, आज तुम्ही चालवा. मी नुसता बसतो."

मी मागे बसले होते. जुन्या गाडीत चोकचं बटण असतं. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ते बाहेर ओढायचं आणि इंजिन तापलं की आत ढकलायचं, नाहीतर जादा पेट्रोलचा धूर आणि काजळी होते. आजोबांनी ते ओढलं आणि तसंच ठेवलं. अंबरनाथच्या रस्त्याला लागल्यावर काका म्हणाले, "साहेब, चोक." आजोबांनी बटण आत ढकललं. पुढच्या सिग्नलला पुन्हा ओढलं. "साहेब, चोक." असं तीनदा झालं. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस!

गॅरेजवर परतल्यावर काकांनी चारचौघांत पाना आजोबांवर रोखला. "गाडी ठणठणीत आहे. साहेबांच्या डोक्यातला चोक बाहेर राहिलाय."

लोक हसले. आजोबा रुमाल काढून चष्मा पुसत राहिले, पुसतच राहिले. मला राग आला की मी इंग्रजीत बोलते, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझं बोलून होईपर्यंत काकांनी फडक्याने पाना पुसला. मग म्हणाले, "मॅडम, इंग्लिशमध्ये पण फॉल्ट तोच निघणार."

आम्ही अंबरनाथच्या दुसऱ्या गॅरेजात गेलो. त्यांनी एका दिवसात सगळं नवं बसवलं. पंधरा दिवसांत धूर परत आला. आणि एका रविवारी बदलापुरात, सोनिवलीला, आपल्याच सोसायटीच्या फाटकाशी, आजोबांनी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी बाकावर चढली. त्या बाकावर रोज सकाळी मुलं शाळेच्या बसची वाट बघत बसतात. रविवार होता म्हणून बाक रिकामा होता.

मी पानाकाकांना फोन केला. रिक्षाने आले. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं ना? ते सरळ गाडीकडे गेले. बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरमधला बोटाएवढा रोटर काढून खिशात टाकला. त्याच्याशिवाय इंजिनात ठिणगीच पडत नाही. मग आजोबांसमोर मान खाली घालून म्हणाले, "साहेब, इंजिन गेलं. मला जमत नाही."

"जमत नाही? आणि स्वतःला मेकॅनिक म्हणवतोस? चोर आहेस तू. पार्ट चोरलेस माझे!"

"हो साहेब."

जिन्यात मी विचारलं, खरं का नाही सांगितलं? म्हणाले, "एकदा सांगितलं ना, सगळ्यांसमोर. बघितलं काय झालं ते."

त्यानंतर ते दर रविवारी यायचे, बॉनेट उघडून खोटी खटपट करायचे आणि आजोबांच्या शिव्या खायचे. "प्लग आणि मेणबत्ती यातला फरक कळतो का तुला?" "नाही साहेब, शिकतोय." आजोबांनी हे बदलापूरभर सांगितलं. फोनवर तुम्हालाही सांगितलं, म्हणून तर हे लिहिते आहे. त्यांच्या दोन मित्रांनी आपल्या गाड्या पानाकाकांकडून काढून घेतल्या. मी खरं सांगू शकले असते. नवऱ्याचं डोकं चाललं नाही हे सांगायची मला लाज वाटली आणि मी एका माणसाचं नाव खराब होऊ दिलं.

हळूहळू आजोबा सगळ्यांना विसरले. तुम्हाला, मग मला. पानाकाका मात्र दारात दिसले की डोळे चमकायचे. "आला चोर!" सबंध आठवड्यात ते ओळखत असलेला तो एकच माणूस. मला त्याचा हेवा वाटायचा.

मग एका रविवारी काका आले, तेव्हा आजोबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात जोडले. "या, बसा. आपली ओळख नाही."

काका थांबले. मग पाना रोखावा तसं बोट स्वतःच्याच छातीवर रोखून म्हणाले, "साहेब, मी तो चोर. तुमची गाडी मी बिघडवली."

"असू द्या हो," आजोबा म्हणाले. "व्हायचंच असं."

काकांनी पाणीही घेतलं नाही. चपला घालताना त्यांना डाव्या-उजव्या पायाचा मेळ लागेना. ते गेल्यावर आजोबा माझ्याकडे वळले.

"बाई, कोण होते ते? फार सभ्य गृहस्थ दिसले."