घरासाठी आणलेलं सेंट

"घरासाठी" हा शब्द कुणी उच्चारला की अजून माझ्या मस्तकात तिडीक जाते. घरासाठी पंखा आणा, घरासाठी पोळपाट आणा, माझं काही म्हणणं नाही. पण फ्रान्सच्या सेंटाची बाटली, आणि ती घरासाठी? घर काय मनगटाला लावून मिरवणार होतं?

त्रेसष्ट-चौसष्टचा सुमार असेल. माझं माहेर सांगलीचं, वडील हळदीच्या पेढीवर मापाडी. मी मॅट्रिक झाले आणि मला कऱ्हाडजवळच्या एका उसाच्या गावात दिलं. सासरी दर पिढीला एक तरी मुलगा पलटणीत. आमचे हे त्यातलेच. लग्नाची हळद निघायच्या आत त्यांना तार आली आणि शांतिसेनेच्या तुकडीबरोबर ते गाझाला गेले, ते वर्षभर. त्याआधी आमचं बोलणं झालं ते एवढंच: "पाणी दे" आणि "घ्या". वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायची रीत नव्हती, आणि त्या घरात वडीलधारं माणूस नाही अशी जागा नव्हती.

वर्षभर माझ्या डोक्यात एकच भुंगा. ह्या माणसाला मी कशी वाटले असेन? सांगलीत मी मापाड्याची पोर होते, इथं धाकटी सून. मी म्हणजे नेमकी कोण, हे ओळखणारं एक तरी माणूस असावं एवढीच माझी हाव होती, आणि ते माणूस तिकडं वाळूत पहारा देत बसलं होतं.

हे रजेवर आले तेव्हा सोप्यात सगळ्यांसमोर काळी ट्रंक उघडली गेली. मामंजींना घड्याळ, थोरल्या दिरांना शर्टाचं कापड, आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मऊ ब्लँकेट, पोरांना खजूर. सगळ्यात शेवटी एक छोटं खोकं निघालं. त्यात तळहातावर मावेल अशी जाड काचेची बाटली, बूचसुद्धा काचेचंच. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होते.

"ह्ये काय रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"सेंट हाय. फरान्सचं. लय भारी असतंय."

"कुणाला आणलंस?"

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. शपथेवर सांगते, बघितलं. मग मामंजींकडे बघितलं आणि म्हणाले, "घरासाठी."

कपाळ माझं! परमुलखात बंदूक घेऊन उभा राहणारा गडी, आणि आईबापासमोर "हिच्यासाठी" म्हणताना ह्याची जीभ टाळ्याला चिकटली. आत्याबाईंनी बाटली देवापुढं ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि आपल्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. थोरल्या जाऊबाई मला कोपरखळी मारून म्हणाल्या, "आता देवबी सेंट लावून बसनार गं!" मला हसू आलं नाही.

हे भेटणार कधी? दिवसा ऊसतोड, रात्री गुऱ्हाळ. एकदा भाकरी घेऊन मला रानात पाठवलं, तेव्हा मी ह्यांना गाठलंच. टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "घरासाठी म्हणजे कुणासाठी हो?"

"तुझ्यासाठीच की. तुला ठाव न्हाई व्हय?"

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"आबांसमोर कसं सांगू?" कांदा फोडत हे म्हणाले. मग आपणहून सांगायला लागले. "तितला दुकानदार लय चिवट. बाटली देईनाच. म्हनला, आदी सांग, तुझी बायको कशी हाय. बाई बघून सेंट ठरतंय म्हनं. एकीचं दुसरीला न्हाई चालत."

मी पुढं सरकले. "मग? तुम्ही काय सांगितलंत?"

तेवढ्यात बांधावर आबाच, म्हणजे मामंजी, उगवले. हे अर्धी भाकरी टाकून उठले आणि कोयता घेऊन फडात शिरले. मी रिकामी टोपली डोक्यावर घेतली आणि दातओठ खात घरी आले. ह्यांना मी कशी वाटते ते त्या बाटलीत कोंडून पडलं होतं, आणि बाटली कुलपात. नुसता वास घ्यायला मिळाला तरी काहीतरी कळेल, असं मला वाटायचं. पण किल्ली आत्याबाईंच्या कनवटीला.

संक्रांतीनंतर हळदीकुंकू निघालं. आत्याबाईंनी बाटली बाहेर काढली. "पलटणीतल्या मानसाचं घर हाय, बायांस्नी कायतरी येगळं नको व्हय?" असं म्हणून त्यांनी काडीला कापूस गुंडाळला आणि ती माझ्याच हातात दिली. गावच्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. मी प्रत्येकीच्या पालथ्या हाताला सेंट लावत होते आणि आतल्या आत जळत होते. अत्तर तेलकट असतं, काडीभर पुरतं. सेंट लावलं की क्षणात उडून जायचं. बायका हात हुंगून म्हणायच्या, "लागलंच न्हाई गं, आनखी लाव." आत्याबाई म्हणायच्या, "लाव की, हात आखडू नगंस."

दुकानदाराचं मात्र खरं निघालं. प्रत्येकीच्या हातावर वास निराळा. जाऊबाईंच्या हातावर झोंबरा, एका म्हातारीच्या हातावर गोड, मशेरी लावणारीच्या हातावर नुसती मशेरीच. मी माझं मनगट पुढं केलं तर आत्याबाई म्हणाल्या, "घरच्या बाईला कशाला? पावण्यांस्नी पुरू दे."

संध्याकाळी हे चावडीवरून लाल तोंड करून आले. कुणीतरी चेष्टा केली होती म्हणे, "गड्या, आज समद्यांच्या घरात तुझंच सेंट!" ते ऐकलं आणि माझा बांध फुटला. मी सरळ आत्याबाईंपुढं जाऊन उभी राहिले. "ते माझं होतं, आत्याबाई!"

त्या म्हणाल्या, "तर मग त्यानं तोंड उघडायचं व्हतं. कुणाला आणलंस म्हनून मी इचारलं नव्हतं व्हय? मी काय देवरुषी हाय, मनातलं वळखाया?"

बाईचं बरोबर होतं, आणि त्यामुळंच मला जास्त राग आला. त्यांनी बाटली माझ्या हातात ठेवली. तळाला दोन-चार थेंब होते.

ते मी मनगटावर घेतले. आधी लिंबाच्या सालीसारखा वास आला, नाकाला झोंबणारा. मग कसलंतरी फूल, माझ्या ओळखीचं नसलेलं. आणि दिवेलागणीला मागं उरलं ते मऊ, उन्हात वाळलेल्या गोधडीसारखं. म्हणजे मी ह्यांना अशी वाटते तर! आधी तिखट, मग मऊ. अगं बाई, किती नेमकं ओळखलंय! राग कुठल्या कुठं पळाला. पुढचे काही दिवस मी येता-जाता बूच काढून हुंगायची आणि एकटीच हसायची.

रजा संपली. ह्यांना मिरजेहून बेळगावची रेल्वे पकडायची होती, जाताना मला सांगलीला माहेरी सोडायचं होतं. एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. वडीलधारं कुणी नाही अशी ती पहिलीच जागा. इस्लामपूर सुटल्यावर मी धीर केला.

"दुकानदाराला तुम्ही काय सांगितलंत, मी कशी आहे म्हणून?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खरं सांगू? म्हनलं, ठाव न्हाई. लगीन झालंय, पर वळख न्हाई झाली. तो हसला. मग त्यानं त्याच्या मनानं एक बाटली दिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतके दिवस मी ज्यात स्वतःला हुंगत होते, तो एका परक्या दुकानदाराचा अंदाज होता! पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघायला लागली एवढ्या मोठ्यानं मी ओरडले, "ठाव न्हाई? आणि मला कधी विचारलंत?"

"आता इचारतो," हे म्हणाले. "सांग, कशी हाईस?"

जन्मात कुणी मला हे विचारलं नव्हतं. सुरुवात कुठून करायची तेही कळेना. रागातच म्हटलं, "पहिलं म्हणजे मला राग लवकर येतो."

"त्ये कळलं," हे म्हणाले. "फुडं?"

मग मी सांगतच सुटले. हळदीच्या पोत्यांवर झोपायची ते, कपड्यांना पिवळे डाग म्हणून शाळेत पोरी चिडवायच्या ते, गणितात पहिली आले तरी बक्षीस दुसरीला दिलं ते. हे मध्येच "मग?" म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे, सरळ डोळ्यांत. आष्टा कधी मागं पडलं कळलं नाही. मला त्या ड्रायव्हरचा इतका राग येत होता! एरवी ही गाडी चढावर धापा टाकते, आज मेली वाऱ्यासारखी पळत होती.

सांगली स्टँड आला तेव्हा माझी गोष्ट अजून सहावीतच होती. वडील मला न्यायला खाली उभे होते. हे त्यांच्या पाया पडले, माझ्याकडे न बघता ट्रंक उचलली आणि मिरजेच्या गाडीत जाऊन बसले.