शांतारामचा खोकला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

संपाचे दिवस. गिरणी बंद, बायकापोरं गावी धाडलेली, आणि लालबागच्या खोलीत मी एकटा. एकटा म्हणजे किती? स्वतःपुरता चहा टाकायचा आणि तो प्यायचाही कंटाळा यायचा, इतका. शांताराम तेवढा रोज यायचा. आम्ही दोघं एकाच खात्यातले विणकर.

चिंचपोकळीला वरातीत बॅगपाइप वाजवणारा एक बँड होता. त्यांना माणूस हवा होता — एकच. आम्ही दोघंही गेलो. बँडच्या मास्तरांनी शिकायची नळी दिली, तीही दोघांत एक. हवा भरायची मशक नाही, काही नाही. नुसती भोकांची नळी, आवाज पिपाणीचा. तिच्यावर सूर बसल्याशिवाय मशकीला हात लावायचा नाही.

तिथे आमचं विणकामच आडवं आलं. तुटलेल्या धाग्यांना गाठी मारून मारून बोटांची टोकंच पुढे धावायची. मास्तर ओरडायचे, "टोकं नकोत रे, बोट सपाट टाका! मधल्या पेरानं भोक झाका!" शांतारामची बोटं हळूहळू सरळ झाली. माझी? माझी गाठीच मारत राहिली.

तो कधी हसला नाही. माझी बोटं धरून नळीवर नीट ठेवायचा. त्याचाच मला राग यायचा — कळतंय का तुम्हाला? जागा त्याला मिळणार हे दिसत होतं. तो वराती वाजवत फिरणार, आणि मी त्या खोलीत भिंतीकडे बघत बसणार.

तो खोकायचा. कापसाची धूळ कुणाच्या छातीत नव्हती? माझ्याही होती. पण —

तो यायच्या आधी एकदा मी मास्तरांना म्हणालो, "शांतारामला टीबी आहे. कुणाला सांगू नको म्हणालाय." खोटं. सपशेल खोटं. नळी तर आमच्या तोंडातोंडी फिरत होती. मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं, छाती दाखवून ये म्हणाले, आणि नळी माझ्या हातात दिली.

मला वाटलं, चिडेल, भांडेल, तपासून येईल. तो दवाखान्यात गेलाच नाही. घाबरला. मास्तर उगाच कशाला म्हणतील, असं धरून बसला. माझ्याकडे यायचा थांबला. बोटं माझी कशीबशी वळली, जागा मला मिळाली, आणि खोली होती तशीच रिकामी राहिली.

गावी निघाला तेव्हा निरोपाला आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मी म्हटलं, आत ये.

"नको रे. तुझी पोरं परत येतील ना या खोलीत."

तुला काही झालेलं नाही, मी खोटं बोललो — एवढंच तर म्हणायचं होतं. तोंड उघडलंही मी.

"तब्येतीला जप," मी म्हणालो.

पुढे संप विरून गेला. त्याच्या गावचा एकजण भेटला, सांगू लागला — शांताराम पडवीत वेगळा निजतो, ताट वेगळं, लेक धावत आली की हातानं लांब सारतो. औषध मात्र कसलं घेत नाही.

मी ऐकून घेतलं. संध्याकाळी दादरला वरात होती. मी गेलो आणि वाजवलं.